गोणीची कळ आणि गोळीची कळ

२०२२च्या नोव्हेंबरात, पहाटे चारच्या सुमाराला, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एक माथाडी ट्रकच्या फाळक्याशी उभ्या उभ्या कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. टोळीतल्या कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल. (फिट आलेल्याला काहीही हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावं आणि डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवावं.) दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. टेम्पोत घालून त्यांना रुग्णालयात नेलं.

तिथे मेंदूचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आधीपासून कुठली औषधं चालू आहेत, हे त्या तीन दिवसांत कुणी विचारलं नाही. फिट कशामुळे आली ते त्यांच्या पँटच्या खिशातच होतं: ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट. कपड्यांच्या पिशवीसोबत रुग्णालयाने ते पत्नीच्या हातात दिलं आणि तिने ते औषध म्हणून जपून घरी आणलं.

मी ठाण्यातल्या एका व्यसनमुक्ती बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक आहे. हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मी दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

दोनाच्या चौदा

दादांचं वय तेव्हा ४६. गाव पाटण खोऱ्यात, घर घणसोलीच्या माथाडी वसाहतीत. एकोणिसाव्या वर्षी चुलत्यांच्या जागेवर टोळीत आले आणि तेव्हापासून पाठीवर गोणी. एक गोणी पन्नास किलोची, कधी पंचावन्नची. रात्री नाशिककडून गाड्या लागतात, पहाटेपर्यंत त्या रिकाम्या व्हायला हव्यात. दारू नाही, तंबाखू नाही. घरात तीन पिढ्यांची वारी, गळ्यात तुळशीची माळ, वसाहतीच्या भजनी मंडळात टाळ.

माळेचं एवढ्यासाठी सांगते, की पुढची सहा वर्षं याच माळेमुळे कुणाला संशय आला नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

२०१६मध्ये कमरेत चमक भरली आणि कळ डाव्या पायाच्या पोटरीपर्यंत उतरायला लागली. एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती सरकलेली दिसली. अस्थिरोगतज्ज्ञांनी पाच दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी एक, रात्री एक, आणि महिनाभर ओझं उचलू नका म्हणाले. महिनाभर ओझं न उचलणं माथाडीला परवडत नाही. टोळीत कमाई वाटून घेतात. एक जण बसला की त्याची गोणी दुसऱ्याच्या पाठीवर जाते. दादा सहाव्या दिवशी कामावर गेले आणि पाच दिवसांची चिठ्ठी घेऊन पुन्हा मेडिकलमध्ये.

ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं वेदनाशामक आहे. यकृतात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो, तो मेंदूतल्या मॉर्फिनच्या जागांवर जाऊन बसतो. शिवाय ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांची पातळी वाढवतं, जसं नैराश्यावरची काही औषधं करतात. म्हणून त्याने दुखणं तर कमी होतंच, वर हुरूपही येतो. दादांच्या शब्दांत, "गोळी घेतली की गाडी कवा रिकामी झाली कळायचं न्हाय." मजूर माणसाला या औषधाची ओढ लागते ती या हुरुपापायी, आणि हे मी ट्रकचालकांकडून, लग्नसराईत रात्रभर राबणाऱ्या आचाऱ्यांकडूनही ऐकलं आहे.

शरीराला सवय झाली की तेवढ्याच गोळीने भागत नाही. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. एप्रिल २०१८मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं. त्याआधीपासूनच ते चिठ्ठीशिवाय विकायला आणि विक्रीची नोंद न ठेवता द्यायला मनाई होती. दादांपुरता झालेला बदल एवढाच, की एका मेडिकलवाल्याने दर वाढवला आणि पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. "कागदात गुंडाळून द्यायला लागला तवा पयल्यांदा वाटलं, हे काय चांगलं न्हाय," असं त्यांनी मला सांगितलं.

२०२२पर्यंत रोजच्या चौदा गोळ्या झाल्या होत्या. त्या गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. चौदांचा हिशेब केला तर दिवसाला ५२५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि साडेचार ग्रॅमहून जास्त पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम. त्यापलीकडे फिट येण्याचा धोका वाढत जातो. पॅरासिटामॉलची मर्यादा चार ग्रॅम. त्यापुढे यकृत पणाला लागतं. कोसळले त्या पहाटेपर्यंतच्या चोवीस तासांत दादांनी सोळा घेतल्या होत्या. त्यात झोप येत नाही म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं, झोप आणणारं औषध दिलं होतं. या दोन औषधांची जोडी फिटच्या दृष्टीने वाईट, पण त्या डॉक्टरांना पहिल्या गोळीबद्दल सांगितलेलंच नव्हतं.

पत्नीला उलगडा झाला तो घरी आल्यावर आठ दिवसांनी. टाळ पुसायला म्हणून त्यांनी टाळाची पिशवी उघडली, तर तळाशी रिकामी पाकिटं. मोजली तर एकतीस.

गावाकडचे अठरा दिवस

पुढे काय झालं ते आपल्याकडच्या बहुतेक घरांत होतं तसंच झालं. थोरल्या भावाला बोलावलं. भजनी मंडळाचे बुवा आले. दादांना विठ्ठलाच्या तसबिरीपुढे बसवून माळ हातात धरायला लावली आणि शपथ घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी एसटीने गावी.

डॉक्टरांना न विचारता एका दिवसात सगळं बंद करणं, तेही नुकतीच फिट येऊन गेलेल्या माणसाने, हे धोक्याचं होतं. कुटुंबाला ते माहीत नव्हतं आणि त्यांचा त्यात दोष नाही. पहिल्याच रात्री जांभया, नाक गळणं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा, जुलाब, आणि पायांना चैन म्हणून नाही. गारठ्यात ते रात्रभर परड्यात फेऱ्या मारत होते. अंगाला मुंग्या यायच्या, छाती धडधडायची, कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. अफूच्या इतर औषधांपेक्षा ट्रॅमाडॉल सोडताना घबराटीचा आणि भासांचा हा भाग जास्त दिसतो. सहाव्या दिवशी भूक लागली. दहाव्या दिवशी ते शेतात गेले. अठराव्या दिवशी कुटुंबाने ठरवलं, सुटलं.

दादा जानेवारी २०२३मध्ये मार्केटात परत रुजू झाले. पाचव्या पहाटे त्यांनी दहा गोळ्या एकदम घेतल्या.

आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कुटुंबांची गाडी इथेच अडते: गावी अठरा दिवस राहिला ना नीट, मग इथे येऊन पुन्हा का? मन खंबीर नाही म्हणून, असं उत्तर ते स्वतःच देऊन टाकतात. मी त्यांना व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांबद्दल सांगते. तिथे असताना जवळपास पाचवा हिस्सा सैनिक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेले होते. १९७०च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले सुमारे पाच टक्केच निघाले. कारणं बरीच होती, पण एक मोठं कारण असं, की ज्या जागी, ज्या माणसांत, ज्या भीतीत ते घेत होते, ते सगळं मागे राहिलं होतं.

दादांचं उलटं झालं. गावाने त्यांना सोडवलं आणि मग ते जिथे जडलं होतं तिथेच परत जावं लागलं. फाळका खाली पडल्याचा आवाज, बारदानाचा वास, ओल्या कांद्याचा दर्प, चारचा चहा. सहा वर्षं रोज याच वेळी, याच वासात गोळी पोटात गेली होती. तो वास आला की मेंदू गोळीची तयारी करू लागतो. दादांना त्या पाचव्या पहाटे नुसत्या वासाने जांभया सुरू झाल्या होत्या, नाक गळायला लागलं होतं. अंगात गोळीचा कणही शिल्लक नसताना.

त्या दहा गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. गोळ्या बंद असल्या की शरीराची सवय उतरते, आकडा मात्र मनात जुनाच राहतो. तेवढ्या दिवसांनंतर जुन्याच मापाने घेणं हा अशा औषधांतला सगळ्यात जीवघेणा क्षण आहे. श्वास मंदावून माणूस झोपेत जाऊ शकतो. दादांना उलटी झाली आणि ते दिवसभर ग्लानीत पडून राहिले, एवढ्यावर निभावलं.

दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून खोल. ग्लानी उतरल्यावर त्यांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. शपथ मोडली, आता माळेचा अधिकार राहिला नाही, असं म्हणाले. आणि मग तीन आठवड्यांत चौदाच्या अठरा झाल्या. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी १९८०च्या दशकात हेच नेमकं मांडलं होतं: एकदा पाय घसरणं वेगळं आणि दरीत जाणं वेगळं, आणि या दोहोंच्या मधे असतो तो 'आता सगळं संपलंच' हा विचार. घसरलेल्याला तो विचार दरीत ढकलतो. शपथेने दादांना अठरा दिवस तारलं असेल, पण मोडल्यावर तिच्यात परत यायची वाट नव्हती. म्हणून मी कुणालाही शपथ घालत नाही. घरच्यांनी घातली असेल तर ती कशी सोडवता येईल ते पाहते.

पहिली भेट

फेब्रुवारीत पत्नीने १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन केला. नंबर वसाहतीतल्या एका नर्सने दिला होता. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा राष्ट्रीय क्रमांकही आहे. दोन्हींवर पैसे लागत नाहीत. तिथून त्या आमच्याकडे आल्या, आणि पुढच्या गुरुवारी दादांना घेऊन.

दादा माझ्याकडे न बघता बसले. पहिलं वाक्य, "मॅडम, म्या नशेबाज न्हाय. कंबर दुखती म्हणून घेतो."

मी म्हटलं, "बरोबर आहे. कंबर दुखते हे मी धरूनच चालले आहे."

नंतर त्यांनी सांगितलं, की या एका वाक्यामुळे ते दुसऱ्या खेपेला आले. आमच्या क्षेत्रात अजूनही पुष्कळांना वाटतं, की दुखण्याचं कारण म्हणजे बहाणा, आधी तो मोडून काढायला हवा. मला हे पटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सुरू झालेल्या व्यसनात दुखणं खरं असतं. २०१९मध्ये केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले जवळपास एक टक्का लोक वेदनाशामक किंवा खोकल्याच्या औषधांच्या रूपात अफूजन्य पदार्थ घेत होते. शंभरात एक. त्यातले किती जण 'मी नशेबाज नाही' म्हणत घरी बसले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. लघवीच्या तपासणीबद्दल इथेच सांगते: अफूसाठीची साधी पट्टी ट्रॅमाडॉल पकडत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. बाजारातली पट्टी आणून घरच्या घरी 'स्वच्छ' ठरवलेले दोन रुग्ण मी पाहिले आहेत. दादांच्या यकृताच्या चाचण्या थोड्या वाढलेल्या निघाल्या.

तीन वाटा होत्या. एक, गोळ्या आठवड्या-आठवड्याने कमी करत नेणं. पण मेडिकल हाकेच्या अंतरावर असताना आणि रोज पन्नास किलो पाठीवर घेताना ते जमेलसं वाटेना. दुसरी, नाल्ट्रेक्सोन. हे औषध मेंदूतल्या त्या जागा पूर्ण बंद करून टाकतं, मग वरून ट्रॅमाडॉल घेतलं तरी काही जाणवत नाही. मात्र त्याआधी सात ते दहा दिवस कोरं राहावं लागतं, आणि उद्या मार्केटात हाड मोडलं तर मॉर्फिनसारखं औषधही नीट लागू पडत नाही. यकृताचाही प्रश्न होता. तिसरी, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन एकत्र असलेली, जिभेखाली ठेवायची गोळी. ही मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळते.

डॉक्टरांनी तिसरी सुचवली. दादांची शंका रास्त होती: "म्हंजे एक गोळी सोडून दुसरी?"

मी त्यांना त्यांच्याच बाजाराच्या भाषेत सांगितलं. मेंदूतली ती जागा म्हणजे गाळा समजा. ट्रॅमाडॉल येतं, काही तास दणक्यात धंदा करतं आणि गाळा रिकामा करून निघून जातं. रिकाम्या गाळ्याची ओरड म्हणजे तुमच्या जांभया आणि मुरडा. ब्युप्रेनॉर्फिन गाळ्यात ठाण मांडून बसतं, धंदा बेताचाच करतं, पण दुसऱ्या मालाला आत येऊ देत नाही. ओरड थांबते, माणूस कामावर जातो, झोपतो. मग आपल्याला बाकीचं दुरुस्त करायला वेळ मिळतो.

ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "किती दिस?"

"महिने," मी म्हटलं. "दिवस नाहीत."

पहिली गोळी देण्याआधी शेवटच्या ट्रॅमाडॉलपासून बारा तासांहून जास्त थांबायला लावलं, सोडल्याची लक्षणं दिसू लागेपर्यंत. घाई केली तर ब्युप्रेनॉर्फिन आधीचा माल एका झटक्यात बाहेर फेकतं आणि रुग्णाचे हाल होतात. दोन मिलिग्रॅमने सुरुवात झाली, तिसऱ्या दिवशी चार झाले. दादा घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडून रोज यायचे, पुढे आठवड्याला, मग पंधरवड्याला. हे आकडे दादांच्या तपासणीवरून ठरले होते, दुसऱ्या कुणी ते स्वतःला लावू नयेत.

दोन कळा

उपचारातलं मुख्य काम यानंतरचं.

मी दादांना शंभर पानी वही दिली. दिवसातून तीनदा लिहायचं: कुठे दुखतंय, किती, त्याआधी काय केलं, सोबत आणखी काय होतंय. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. शब्दांचं कोडं पडलं की ते चित्र काढायचे, माणसाची पाठमोरी आकृती आणि दुखेल तिथे फुली.

तिसऱ्या आठवड्यात वही पाहताना त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. काही पानांवर फुली एकच होती, कमरेच्या डाव्या बाजूला, आणि तिथून पोटरीपर्यंत रेघ. ही पानं गाडी भरल्या-उतरवल्यानंतरची. दुसऱ्या काही पानांवर फुल्याच फुल्या: मान, खांदे, मांड्या, पोट. बाजूला लिहिलेलं, 'जांबई', 'नाक', 'जीव लागत न्हाय'. ही पानं पहाटे उठल्यावरची, किंवा ब्युप्रेनॉर्फिनला उशीर झालेल्या दिवसाची, किंवा मुकादमाशी वाजलं त्या दिवशीची.

"ताई," ते म्हणाले (मॅडमची ताई मी त्याच दिवशी झाले), "ही गोणीची कळ आन् ही गोळीची कळ."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. सहा वर्षं ते दोन्ही कळांना कंबरदुखी म्हणत होते आणि दोन्हींवर एकच औषध घेत होते. अफूजन्य औषध फार काळ चाललं की ते दुखण्याची जाणीवच तीव्र करून ठेवतं, आणि मात्रा उतरली की सगळं अंग ठणकतं. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून तो आणखी घेतो. दादांच्या चौदा गोळ्यांतल्या कंबरेसाठी किती आणि गोळीनेच आणलेल्या दुखण्यासाठी किती, याचा हिशेब आता मांडता येत होता.

दोन कळांना दोन उपाय. गोणीच्या कळेसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पोट आणि पाठ बळकट करणारे व्यायाम रोज वीस मिनिटं, वाकताना कंबरेतून न वाकता मांड्यांवर भार घेणं, मान पुढे काढून धावत जाण्याची सवय मोडणं. पायात उतरणाऱ्या कळेसाठी प्रीगाबालिन देता आलं असतं, पण त्याचाही गैरवापर होतो म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं. यकृताच्या चाचण्या ताळ्यावर आल्यावर त्याच कळेसाठी ड्युलॉक्सेटिन सुरू केलं. न्यूरॉलॉजिस्टने सहा महिन्यांनी फिटच्या गोळ्या बंद केल्या. फिट पुन्हा आलेली नाही.

गोळीची कळ आली तर काय करायचं ते दादांनीच शोधलं. ती लाटेसारखी येते आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, हे वहीतून दिसलं होतं. त्या वेळात ते मार्केटातल्या नळावर जाऊन तोंड-मान धुतात, बुवांना फोन लावतात आणि हरिपाठाचे अभंग म्हणतात. पहाटे चारला फोन उचलणारा माणूस मिळणं कठीण. पण बुवा काकड्याला उठतातच. शपथ घालणारे हेच बुवा. त्यांना बोलावून घेऊन मी शांतपणे सांगितलं, की माळ सोडलेल्या माणसाला माळेकडे परत यायची वाट तुम्हीच दाखवू शकता. त्यांनी मान डोलावली, बोलले काही नाहीत. त्या आठवड्यात ते दादांच्या घरी जेवायला गेले.

जूनमध्ये दादांनी वारीचा विषय काढला. पूर्ण वाट चालणं कंबरेला झेपणार नव्हतं, आणि तितक्या दिवसांचं औषध हातात देता येत नव्हतं. शेवटी ठरलं, की फलटणपासून पुढे चालायचं, गोळ्या पत्नीच्या पिशवीत. त्यांना एकच अडचण होती: जिभेखालची गोळी विरघळायला दहा मिनिटं जातात, तेवढ्या वेळात नाम घेता येत नाही. मग गोळी काकड्याच्या आधी, सगळे अंघोळीला गेलेले असताना. २९ जूनला आषाढी एकादशी होती. परत आले तेव्हा गळ्यात माळ होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

टोळी

मी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवला, ते व्यसनमुक्तीच्या पुस्तकांमध्ये लिहिलेलं नसतं. दादांनी काम बदलावं, असा सल्ला देणं सोपं होतं. सत्तावीस वर्षांची नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, वसाहतीतलं घर, मुलाचं आयटीआय, सगळं त्या टोळीला बांधलेलं. माणसाला जागेपासून दूर नेता येत नसेल, तर त्या जागेवरच काहीतरी हलवावं लागतं.

दादांच्या परवानगीने मी मुकादमांना भेटले. 'व्यसन' हा शब्द वापरायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. मणका आणि फिट, एवढंच सांगितलं. मुकादमांनी आधी हात वर केले. एकाला हलकं काम दिलं तर उद्या चौघं मागतील. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या गोळ्या तो पण घ्यायचा का?" 'पण' हा शब्द आम्हा दोघांनाही ऐकू आला. टोळीत आणखी तिघं घेत होते.

तोडगा छोटा निघाला. दादा ट्रकवरून पाठीवर गोणी घेणार नाहीत; हातगाडीवर लावणं आणि ओढणं त्यांच्याकडे. वरून गोणी उतरवायची तर दोघांनी मिळून. वाटणीत दादांनी आपणहून थोडं कमी घेतलं, जे मला आवडलं नाही, पण त्याशिवाय त्यांना टोळीत ताठ मानेने उभं राहता आलं नसतं. चारच्या चहाची टपरीही बदलली. जुनी टपरी त्या मेडिकलच्या वाटेवर होती.

मुतखडा

नोव्हेंबर २०२३मध्ये मध्यरात्री दादांच्या बरगडीखाली असह्य कळ उठली. मुतखडा. दोन दिवस उलट्या होत होत्या, जिभेखाली गोळी टिकत नव्हती, म्हणून ब्युप्रेनॉर्फिन चुकलेलं. ज्या रुग्णालयात नेलं तिथे वेदनेसाठी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं आणि घरी जाताना चिठ्ठीवर दहा गोळ्या. तीच ओळखीची गोळी. मुलाने खालच्या मेडिकलमधून आणली. त्याला नाव माहीत नव्हतं.

इथे चूक आमचीही होती. इतर कुठल्या दुखण्यासाठी रुग्णालयात जायची वेळ आली तर काय सांगायचं, याची तयारी आम्ही करून घेतली नव्हती. मार्केटातल्या वासाचा, टपरीचा, मुकादमाचा बंदोबस्त केला आणि पांढऱ्या कोटातून आलेल्या गोळीचा विसर पडला. मुतखड्याच्या कळेवर डायक्लोफेनॅकसारखं औषध पहिलं वापरतात आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो. दादांना ते मागता आलं असतं.

त्या रात्री त्यांनी चार गोळ्या घेतल्या. पहाटे पत्नीला उठवून उरलेल्या सहा तिच्या हातात दिल्या आणि सकाळी नऊला विभाग उघडला तेव्हा दोघं बाकावर बसलेले होते.

जानेवारीतल्या त्या दहा गोळ्यांनंतर जे झालं ते इथे झालं नाही. वहीत त्यांनी रात्रीच लिहिलं होतं, मोडक्या अक्षरात: 'चार घेतल्या. मुतखड्याची कळ. मग गोळीची पन.' डॉक्टरांनी लगेच ब्युप्रेनॉर्फिन न देता संध्याकाळपर्यंत थांबवलं, लक्षणं दिसल्यावर दोन मिलिग्रॅम दिलं, दुसऱ्या दिवशी नेहमीची मात्रा. खड्यासाठी युरॉलॉजिस्टकडे पत्र दिलं.

त्यानंतर एक कार्ड केलं, आधार कार्डाच्या आकाराचं, प्लास्टिक लावलेलं. त्यावर लिहिलं आहे: माझ्यावर ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार चालू आहेत, मला ट्रॅमाडॉलमुळे फिट आलेली आहे, ट्रॅमाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन देण्याआधी या क्रमांकावर विचारा. एक दादांच्या पाकिटात, एक पत्नीकडे, एक मुलाकडे. मुलाला सगळं सांगायचं की नाही यावर नवरा-बायकोत महिनाभर चर्चा चालली. शेवटी दादांनीच सांगितलं, टेरेसवर नेऊन. मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं, पप्पा. टाळाच्या पिशवीतली पाकिटं मी आधीच पाहिली होती."

सध्या

हे लिहिताना मुतखड्याच्या रात्रीला सोळा महिने झाले आहेत. दादा दोन मिलिग्रॅमवर आहेत. यकृत ठीक आहे. कंबर दुखते, वहीत एक फुली आणि एक रेघ असते, आकडा दहापैकी तीन-चार. ती पूर्ण थांबेल असं आम्ही कुणीच त्यांना सांगितलेलं नाही.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, औषध आणखी उतरवायचं का. पत्नी लगेच हो म्हणाल्या. गोळी कुठलीही असो, घरात नको असं त्यांना वाटतं, आणि मला ते समजतं. दादांनी मात्र हातातलं कार्ड उलटं-सुलटं केलं. उन्हाळी कांद्याच्या गाड्या आता वाढतील, एप्रिल-मे दम खायला वेळ नसतो.

"सीझन सरू दे," ते म्हणाले. "वारीवरनं आलो की बघू."

पुढची तारीख जुलैतली लिहिली आहे.